कल्पित पात्रांची बाद फेरी: आमच्या वाचनालयातल्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

ठरलं. मराठी भाषा गौरव दिनाला यंदा व्याख्यान ठेवायचं नाही, पात्रांची बाद फेरी घ्यायची. मराठी कथा, कादंबऱ्या आणि नाटकांतली चोवीस माणसं घ्यायची, दोघादोघांची लढत लावायची, वाचकांनी मत द्यायचं आणि हरेल तो बाहेर. अंतिम लढत २७ फेब्रुवारीला. कार्यकारिणीने १,५०० रुपये मंजूर केले.

आमचं तालुक्याचं वाचनालय, ब वर्गाचं. पगारी माणसं दोनच, मी ग्रंथपाल आणि शिपाईमामा. अशी स्पर्धा आधी कुणी कशी घेतली ते शोधलं, पण उपयोगाचं काही हाती लागलं नाही. म्हणून ही वही. आमचे पैसे आणि दिवस जिथे फुकट गेले तिथे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

पात्रं किती घ्यायची ते आधी मोजून घ्या. प्रत्येक लढतीत एकजण बाद होतो, त्यामुळे लढती पात्रांपेक्षा एक कमी भरतात. चोवीस पात्रं म्हणजे तेवीस लढती. बत्तीस घेण्याची फार इच्छा होती, पण एकतीस लढती दोन महिन्यांत बसेनात.

६ जानेवारी

यादी करायला एक संध्याकाळ पुरेल असं वाटलं होतं, तीन गेल्या.

पहिलं भांडण श्यामच्या आईवरून. तिला घेतली तर समोर कुणीही असो, तिच्याविरुद्ध चिठ्ठी टाकायला कुणाचा हात धजणार नाही. पण तिला वगळायचं कारण ते नव्हे. ती साने गुरुजींची खरी आई, कल्पित पात्र नव्हे. मग नियम असा केला: जो माणूस त्याच नावाने खरोखर जगला तो या स्पर्धेत नाही. या नियमाने घाशीराम कोतवाल गेला आणि फकिराही गेला. ‘तो मी नव्हेच’ नाटकातला लखोबा लोखंडे एका खऱ्या खटल्यावरून उभा राहिलेला असला तरी नाव आणि माणूस नाटककाराने घडवलेला, म्हणून तो राहिला.

फकिरा गेल्याचं एका जुन्या वाचकाला फार लागलं. ते म्हणाले, "बाई, आमच्या घरात पहिलं विकत घेतलेलं पुस्तक ते." मी त्यांना नियम समजावून सांगितला, त्यांनी ऐकूनही घेतला, पण माझं मन राहीना. दारासमोरच्या मांडणीवर ‘खरे होते म्हणून स्पर्धेत नाहीत’ अशी पाटी लावून ती पुस्तकं वेगळी ठेवली. ही मांडणी पहिल्या दिवसापासूनच ठेवायला हवी होती.

दुसरा नियम, एका लेखकाची दोनच पात्रं. हा केला नसता तर अर्धी यादी पु. लं.ची झाली असती. नारायण, सखाराम गटणे, चितळे मास्तर, हरितात्या अशी एकेक नावं खोडताना जीव तुटला. ठेवले अंतू बर्वा आणि ‘ती फुलराणी’तली मंजुळा. मंजुळेचं मूळ इंग्रजी नाटकात आहे अशी हरकत आली. पण तिची बोली, तिचा ठसका सगळा इथला आहे, म्हणून ती फेटाळली.

तिसरी गोष्ट मला स्वतःहून दिसायला हवी होती. चोवीसांत बायका फक्त तीन होत्या. देवघेवीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या एका काकूंनी यादी वाचून बोट ठेवलं. त्यांच्यामुळे यमू, ‘रणांगण’मधली हॅर्टा आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली लीला बेणारे आल्या आणि सहा झाल्या. यमू म्हणजे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची. १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली कादंबरी. आमच्याकडे तिची एकच प्रत आहे, कसर लागलेली.

८ जानेवारी

मानांकन देवघेव नोंदवहीवरून दिलं. गेल्या वर्षात ज्या पात्राचं पुस्तक जास्त वेळा बाहेर गेलं तो वरचा. पहिला फास्टर फेणे, दुसरे ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर, तिसरा चिमणराव. यमू बाविसावी.

ही पद्धत वाटते तितकी सरळ नाही. फास्टर फेणेची आमच्याकडे चौदा पुस्तकं आहेत, त्या सगळ्यांची बेरीज एकाच्या नावावर पडली. उलट ‘कोसला’ सप्टेंबरपासून बाइंडिंगला गेलेलं, त्यामुळे पांडुरंग सांगवीकर सोळाव्या जागी घसरला. पुस्तक हातात नव्हतं म्हणून वाचलं गेलं नाही, ते वाचकांना नको होतं असं नव्हे. हे मला यादी भिंतीवर लागल्यावर उमगलं. पुन्हा करायचं झालं तर आकडा प्रत्येक प्रतीमागे आणि पुस्तक जितके महिने कपाटात होतं तितक्याच महिन्यांचा काढीन.

९ जानेवारी

मोठी चूक. चोवीस नावं वरून खाली क्रमाने लिहिली, जोड्या लावल्या आणि तसाच चार बाय सहा फुटांचा फ्लेक्स छापून आणला. ४८० रुपये.

संध्याकाळी शाळेचे पी.टी.चे सर पेपर वाचायला आले. फ्लेक्सकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "पहिला आणि दुसरा याच आठवड्यात भिडणार?" खरंच तसं झालं होतं. सगळे तगडे वरच्या अर्ध्यात, सगळे नवखे खालच्या अर्ध्यात.

सर कबड्डीच्या भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याचे तक्ते, करतात. त्यांनी जुन्या मासिकाच्या पाठकोऱ्या पानावर दहा मिनिटांत करून दाखवलं. दोन, चार, आठ, सोळा असं दुप्पट करत गेलं की चोवीसच्या वरचा आकडा बत्तीस, म्हणून आठ जागा रिकाम्या. त्या रिकाम्या जागा पहिल्या आठ मानांकितांसमोर ठेवायच्या, म्हणजे त्यांना पुढे चाल. उरलेले सोळा पहिल्या फेरीत खेळतात आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज तेहतीस यायला हवी: नववा आणि चोविसावा, दहावा आणि तेविसावा, अकरावा आणि बाविसावी. वरचे सगळे जिंकत गेले तर दुसऱ्या फेरीत बेरीज सतरा येते, मग नऊ, मग पाच, आणि अंतिम लढतीत तीन. बेरीज चुकली की जागा चुकली. हे आधी माहीत असतं तर ४८० रुपये वाचले असते.

नवा फ्लेक्स करायचा नाही असं ठरलं. दोन खिळ्यांमध्ये ओळीने सुतळ्या ताणल्या, नावं कार्डशीटच्या तुकड्यांवर लिहिली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावली. जिंकलेल्याचं कार्ड पुढच्या सुतळीवर सरकवायचं. चूक झाली तर चिमटा काढायचा, एवढंच. सुतळी-चिमट्यांचा खर्च शंभराच्या आत.

कार्डांवर पुस्तकांची मुखपृष्ठं छापायची नाहीत, हेही ठरवलं. चित्रकाराचा हक्क असतो. शाळेतल्या मुलांना म्हटलं, पुस्तक वाचा आणि तुम्हाला दिसेल तसा काढा. सहावीतल्या एका मुलीने अंतू बर्वाला दारातल्या पायरीवर बसवलाय आणि त्याच्या धोतराच्या काठाला निळी शाई लावलीय. का, असं विचारलं तर म्हणाली, "आमचे आजोबा असंच नेसतात."

१२ ते १५ जानेवारी

पहिली फेरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली. वाचकांचा गट आहे, ९२ जणांचा. सकाळी लढत टाकायची, दुसऱ्या सकाळी मोजायची. सोपं वाटलं होतं.

पहिल्याच लढतीला १३१ मतं. ९२ जणांत १३१. मतदान टाकताना एकाहून जास्त उत्तरं निवडण्याची मुभा आपोआप सुरू असते, ती मी बंद केली नव्हती. लोक दोघांनाही मत देत होते. ती बंद केली तर दुसरी अडचण समोर आली. कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. अध्यक्षांनी पहिलं मत दिलं की त्यांच्या मागोमाग तशीच मतं पडायची, आणि दुपारी कुणी आपलं मत बदललं तरी चालायचं.

खरा धक्का चौथ्या दिवशी बसला. लखोबा लोखंडे ३७, यमू ६. मी त्या सदतीस जणांपैकी समोर दिसलेल्या पाचांना विचारलं की यमू कोण ते ठाऊक आहे का. पाचांपैकी चौघांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. लखोबाला त्यांनी रंगमंचावर नाहीतर टीव्हीवर पाहिलेलं. हे मत यमूच्या विरुद्ध नव्हतंच. ती समोर आलीच नव्हती.

त्या रात्री झोप लागली नाही. ज्याने एकाच बाजूला पाहिलंय त्याने निकाल द्यायचा हे मला पटेना. आपण वाचनालय आहोत. लोकांना आधीच माहीत असलेली नावं मोजून दाखवण्यासाठी ही उठाठेव कशाला करायची?

१६ जानेवारी

पहिली फेरी रद्द केली. चार दिवस वाया गेले आणि थोडी बोलणीही खाल्ली, विशेषतः ज्यांचं आवडतं पात्र जिंकलं होतं त्यांची.

नवी रीत: मत फक्त वाचनालयात येऊन, चिठ्ठीवर, पेटीत. मत देण्याआधी दोन्ही पात्रांचा पाच-पाच मिनिटांचा उतारा मोठ्याने वाचून दाखवला जाईल. दोन्ही उतारे ऐकल्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही. पात्र स्वतः बोलतंय किंवा काही करतंय असाच उतारा घ्यायचा, लेखकाने केलेलं वर्णन नको. आणि शेवट फोडायचा नाही.

१९ जानेवारी, रविवार

चार लढती एका तासात होतील असा अंदाज होता. दोन तास दहा मिनिटं लागली. उतारे वेळेत संपतात, पण मग लोक बोलायला लागतात आणि त्यांना थांबवावंसं वाटत नाही. पुढच्या वेळी एका लढतीला अर्धा तास धरा आणि चहा मध्ये ठेवा. शेवटी ठेवला तर लोक चिठ्ठी न टाकताच निघतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर उरलेल्या चार लढती. सकाळची वेळ, त्यामुळे गर्दी बरी, ३९ जण.

यमूचा उतारा मीच वाचला. लहानपणीचा, ती स्वतःच सांगतेय तो. सव्वाशे वर्षांपूर्वीची भाषा कळेल का याची धाकधूक होती. दुसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. मुलं पुढे सरकली. कादंबरीत ती पहिल्यापासून आपल्याशी बोलते, समोर बसून सांगितल्यासारखी, त्यामुळे मोठ्याने वाचताना तिला वेगळा आवाज लावावा लागत नाही.

यमू २२, लखोबा १७.

मोजताना हातात आलेली एक चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवलीय. निळ्या बॉलपेनने ‘लखोबा’ लिहिलंय, त्यावर एक आडवी रेघ, मग दुसरी जास्त दाबून, इतकी की कागद फाटलाय. खाली बारीक अक्षरात ‘यमू’. आमच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांचं अक्षर मी ओळखते, पण त्यांना बोलले नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आजची चूक जास्त बोचली.

बेलवलकर विरुद्ध शारदा. बेलवलकरांचा उतारा नाट्यमंडळातल्या काकांनी वाचला. बेघर झालेला तो म्हातारा नट त्यांनी असा उभा केला की दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. शारदेचा उतारा नववीतल्या मुलीने वाचला, अडखळत, खाली मान घालून. ३१ विरुद्ध ९. ती मुलगी नंतर मला म्हणाली, "माझ्यामुळे हरली ना ती?" काय सांगणार. ती मुलगी नाही चुकली, मी चुकले. शिवाय शारदा संगीत नाटकातली, १८९९ सालची. तिची पदं गायली जायला हवी होती. नुसते संवाद वाचून आम्ही तिचा निम्मा जीव काढून घेतला.

लढत पुन्हा घ्यावी का यावर बराच वाद झाला. घेतली नाही, कारण मग दोन-तीन लढती मागे जाऊन घ्याव्या लागल्या असत्या. पण शारदेवर अन्याय झाला हे इथे लिहून ठेवते.

उपाय: यापुढे एका लढतीतले दोन्ही उतारे एकाच माणसाने वाचायचे, आणि आधी कुणाचा ते नाणं उडवून ठरवायचं.

आजचीच दुसरी लढत चिमणराव विरुद्ध बोक्या सातबंडे. दूरदर्शनवर चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर, आणि बोक्याला जन्म देणारेही तेच. हे सांगितल्यावर मुलांचा विश्वासच बसेना. चिमणराव निसटता जिंकला.

५ फेब्रुवारी, बुधवार

एकाच वाचकाची रीत लागू पडली. फास्टर फेणे विरुद्ध पांडुरंग सांगवीकर ही सबंध स्पर्धेतली मला सर्वांत आवडलेली लढत, आणि ती लागली माझ्या मानांकनाच्या चुकीमुळे. सांगवीकर सोळाव्या जागी नसता तर पहिल्याशी इतक्या लवकर गाठ पडली नसती. एक फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला, दुसरा खानदेशातल्या सांगवीहून पुण्याच्या कॉलेजात आलेला. एकाला ते शहर सायकलवरून पालथं घालायची जागा वाटते, दुसऱ्याला त्याच शहरात करमत नाही. हे दोघे असे शेजारी ठेवून मी कधी वाचले नव्हते. २३ विरुद्ध २१, फेणे पुढे. सांगवीकरला मत देणारे बहुतेक कॉलेजची मुलं, आणि ती निकालानंतरही अर्धा तास हलली नाहीत.

दुसरीकडे यमूने अंतू बर्वाला हरवलं. मोठी माणसं हळहळली.

९ फेब्रुवारी

उपांत्यपूर्व फेरी सुरळीत. फास्टर फेणे, मंजुळा, बेलवलकर, यमू उरले.

१६ फेब्रुवारी, रविवार

उतारे संपत आले. दर फेरीला नवा उतारा लागतो आणि शेवटपर्यंत जाणाऱ्याला चार-पाच लागतात. बेलवलकरांचं सर्वांत गाजलेलं स्वगत आम्ही पहिल्याच लढतीत खर्च करून बसलो होतो, तेही शारदेसमोर, जिथे त्याची गरज नव्हती. प्रत्येक पात्राचे पाच उतारे स्पर्धेआधी काढून क्रम लावून ठेवा. मी एकेक शोधत गेले.

यमूचा उतारा ती नवऱ्याबरोबर मुंबईत असतानाचा. नववी-दहावीच्या मुली सगळ्या एका बाकावर दाटीवाटीने बसल्या होत्या. यमू २४, बेलवलकर २१. फास्टर फेणे २५, मंजुळा २०.

१८ फेब्रुवारी

तारखेचा घोळ. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि बेलवलकर त्यांचेच. ते अंतिम फेरीत असते तर त्या दिवशी त्यांच्या लेखकाच्या तसबिरीला हार घालून लगेच मतदान घ्यावं लागलं असतं. हे मला जानेवारीत सुचायला हवं होतं. बेलवलकर हरले तरी त्या दिवशी पाहुणे, भाषणं, सत्कार असतात, त्या गडबडीत कुणी शांतपणे ऐकणार नाही. म्हणून २७ ला फक्त भिंत दाखवायची आणि अंतिम लढत २ मार्च, रविवार, असं ठरवलं. अध्यक्षांना पाहुण्यांसमोर निकाल हवा होता. ते नाराज झाले, पण मानले.

२७ फेब्रुवारी

पाहुणे सुतळ्यांसमोर वीस मिनिटं उभे होते. दहावीची परीक्षा २१ पासून सुरू आहे, त्यामुळे अभ्यासिका भरलेली. आवाज होऊ नये म्हणून कार्यक्रम बाहेरच्या ओसरीवर घेतला.

२ मार्च, रविवार

अंतिम लढत. ५४ चिठ्ठ्या, आजवरच्या सर्वांत जास्त. दोन्ही उतारे शिपाईमामांनी वाचले, हे त्यांनी स्वतः मागून घेतलं. फेणेच्या ‘ट्टॉक्’ला सगळी पोरं एकदम ओरडली. यमूचा उतारा संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. सगळे तसेच बसून राहिले.

फास्टर फेणे ३०, यमू २४.

निकाल नियमाप्रमाणे लागला आणि फेणे जिंकला याचा आनंदच आहे. भा. रा. भागवतांचा हा पोरगा आमच्या वाचनालयात पिढ्यान् पिढ्या पहिलं पुस्तक म्हणून घरी गेलाय. पण मोजताना लक्षात आलं की यमूला इथवर आणणाऱ्या मुलींचा बाक रिकामा होता. त्यांची परीक्षा चालू आहे. त्यांच्या जागी चौथी ते सातवीची पंधराएक मुलं होती. २७ तारखेची गडबड टाळायला मी तारीख पुढे ढकलली आणि परीक्षा विचारातच घेतली नाही. स्पर्धा डिसेंबरात सुरू करून जानेवारीअखेर संपवायला हवी होती.

निघताना पोस्टमास्तर काका थांबले. म्हणाले, "उद्या तीन मार्च. हरिभाऊ आपटे गेले तो दिवस, १९१९." परीक्षा सोडली तर पंचांग, सुट्ट्या सगळं पाहिलं होतं असं मी समजत होते. हे त्यांच्याकडून कळलं.

४ मार्च

हिशेब: फ्लेक्स ४८० (वाया), कार्डशीट ९०, स्केचपेन १२०, सुतळी आणि चिमटे ९५, झेरॉक्स २१०, चहा १,१५०. एकूण २,१४५. मंजुरीपेक्षा ६४५ जास्त, ते कार्यकारिणीने दिले. चहाचा अंदाज मी धरलाच नव्हता.

झेरॉक्समध्ये यमूच्या कादंबरीची पानं आहेत. आपट्यांना जाऊन साठ वर्षांहून कितीतरी जास्त झाल्याने तिच्यावर हक्क उरलेला नाही, त्यामुळे शंका न ठेवता प्रती काढल्या आणि घरी न्यायला दिल्या. बाकीच्यांचे उतारे पुस्तकातूनच वाचले.

‘कोसला’ काल बाइंडिंगहून परत आलं, पुठ्ठा छान झालाय. बाइंडर यमूची कसर लागलेली प्रत न्यायला आला होता. ती बाहेर गेलेली आहे आणि नोंदवहीत तिच्यासाठी सात नावं लागलीत, पाच त्या बाकावरच्या मुलींची. त्याला एप्रिलच्या शेवटी ये म्हटलं.